मनसारामचा वन्स मोर

आमच्या जांभूळबोडीत नाटक जमलं की पडलं, हे नाटक बसवणाऱ्यांच्या हातात नव्हतं. ते मनसाराम धीवराच्या हातात होतं. निदान आम्ही सगळे तसंच समजत होतो.

गाव पोंभुर्ण्यापासून दोन कोसांवर. तलाव गावापेक्षा मोठा. धान कापून खळ्यावर आलं की आमच्याकडे नाटकांना नुसता ऊत येतो. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असो की मंडईची जत्रा, बैल पळाले, पाहुणे जेवले की सगळे मांडवाकडे. मी इथल्या शाळेत मास्तर आणि गावच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. ही गोष्ट घडली तोवर विंगेत पुस्तक धरून उभं राहण्यात माझी सव्वीस वर्षं गेली होती. सुरातलं मला काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळेतली प्रार्थना आणि हातपंपाची करकर यांत मला फारसा फरक वाटत नाही. शब्द चुकला तर मात्र झोपेतून उठून सांगेन.

मनसारामला अक्षर येत नव्हतं. ठेंगणा, उन्हानं रापलेला, चिखलात चालून चालून पायाची बोटं फाकलेली, आणि कान असे मोठे की पोरं त्याच्या पाठीमागं हसायची. पहाटे तो डोंगा घेऊन तलावात जाई, मध्यावर पोचला की वल्हं उचलून धरी आणि नुसता बसून राही. मासा कुठं पलटला हे त्याला पाण्याकडं न बघता कळायचं. मग त्या बाजूला जाळं पडायचं. उजाडल्यावर त्याची बायको केसरबाई टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जाई आणि हा दिवसभर झाडाखाली जाळं विणत बसे.

नाटकाच्या दिवशी मात्र जाळं नाही आणि मासा नाही. दुपारी बाराच्या ठोक्याला काखेत बोरा घेऊन मनसाराम मांडवात हजर. आमच्याकडं खुर्च्यांची भानगड पुढाऱ्यांपुरती. बाकीच्यांनी गोणपाटाचा बोरा अंथरायचा आणि जागा धरायची. मनसारामचा बोरा रंगमंचाला अगदी चिकटून, मधोमध, पेटीवाल्याच्या समोर. त्या जागेवर दुसऱ्या कुणी बोरा टाकल्याचं मी सव्वीस वर्षांत पाहिलं नाही.

पद संपलं की हा उभा राहायचा आणि ओरडायचा, "वन्स मोर!" तलावाच्या या काठावरून त्या काठाच्या माणसाला हाका मारून कमावलेला आवाज तो. त्याच्या मागून सगळा मांडव ओरडे. गाणाऱ्याची छाती फुगे, पद पुन्हा सुरू होई, आणि माझ्या पुस्तकातलं पान हरवून जाई. एकदा तर आमच्या नायकाच्या छातीत खंजीर खुपसलेला होता. मरता मरता त्यानं पद म्हटलं आणि मनसारामचा वन्स मोर आला. नायकानं खंजीर उपसून बाजूला ठेवला, पद पहिल्यापासून म्हटलं, खंजीर परत खुपसला आणि मग मेला. मी विंगेत दातओठ खात उभा होतो.

त्यातून माणूस लहरी. एका वर्षी आम्ही वर्गणी करून वडशाहून गाणारी बाई आणली. ती असं गायली म्हणतात की बायकांनी मांडीवरची लेकरं खाली ठेवली. अख्खा मांडव वन्स मोर म्हणून ओरडत होता आणि मनसाराम ढिम्म. डोळे मिटून बसून राहिलेला. आणि गावातल्या एखाद्या पोरानं पहिल्यांदा उभं राहून चाचपडत पद म्हटलं, की त्याला मात्र दोन-दोन वेळा वन्स मोर. गावचं पोर म्हणून लाड करतो, दुसरं काय, असं मी सगळ्यांना सांगत असे आणि लोकांनाही ते पटे.

गोकुळा ही असल्याच लाडातली. बाप लवकर गेला. आई चंदाबाई धानाच्या रोवण्याला आणि कापणीला जायची. पोरगी बारा वर्षांची असताना शाळेच्या नाटकात उभी राहिली आणि मनसारामनं तिच्या पहिल्याच पदाला तीनदा वन्स मोर दिला. तेव्हापासून तिला गाण्याचं जे वेड लागलं ते लागलंच. चंदाबाई मनसारामला भाऊ मानायची, म्हणून गोकुळेचा तो मामा.

सत्त्याऐंशी सालात गोकुळा एकोणीस वर्षांची होती. नागपुरातल्या एका मोठ्या कलाकेंद्राची जाहिरात माझ्या वाचनात आली. विदर्भातून पाच मुली निवडणार, त्यांना दोन वर्षं गाणं शिकवणार, राहणं-जेवण केंद्राकडं. मी तिच्या नावानं अर्ज टाकून दिला. तिकडं तिच्या काकानं चामोर्शीचा एक मुलगा पाहून ठेवला होता. मुलगा चांगला होता. सोसायटीत नोकरी, घरची धानाची शेती, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फक्त त्याला गाण्याचा तिटकारा होता. मुलगी पाहायला आला तेव्हा शेजारच्या घरातला रेडिओ बंद करायला लावला आणि मगच पोह्यांना हात लावला.

चंदाबाईनं दिराला सरळ सांगितलं, "पोट्टीची निवड झाली तं दोन वर्स थांबा. नाई झाली तं याच उन्हाळ्यात बार उडवून देऊ."

दीर कबूल झाला. गोकुळाही कबूल झाली, पण त्या दिवसापासून तिनं जेवण अर्ध्यावर आणलं आणि तलावाच्या पाळीवर जाऊन तेच एक पद ती घोकत राहिली. सगळ्या गावाला ते पद पाठ झालं. मला तर स्वप्नात त्याचे शब्द दिसत.

मार्चमध्ये परीक्षेचं बोलावणं आलं. गोकुळा, चंदाबाई आणि मी असे तिघं जाणार होतो. पहाटेच्या एस.टी.ला थांब्यावर पोचलो तर धुतलेलं धोतर नेसून, काखेत बोरा मारून मनसाराम आमच्या आधी तिथं उभा.

"मामा, तुमी कुठी चालले?" गोकुळेनं विचारलं.

"कुठी म्हंजे? तुह्यं गानं तिथी आन मी घरी बसू?"

गोकुळा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "या मामा. पन एक आयका. तिथी वन्स मोर बोंबलायचं नाई. कागदावर लिहून आलं हाये, लोकायनं शांत राहावं म्हून. तुमी बोंबलले तं माह्या नावावर काट मारतीन."

"नाई बोंबलत."

"आन घ्या."

मनसारामनं तलावाकडं तोंड केलं. "तलावाची आन. बस?"

तलावाची आन धीवर उगाच घेत नाही. गोकुळेचा जीव भांड्यात पडला. मीही मनातल्या मनात म्हटलं, चला, सव्वीस वर्षांत एकदा तरी शांतता.

बल्लारपूरला एस.टी. सोडून आम्ही पॅसेंजर धरली आणि अकराच्या सुमाराला कलाकेंद्रासमोर उभे राहिलो. परीक्षा तीनला होती. चार मजली इमारत, काचेची दारं, आत तीन नाट्यगृहं, चित्रांची दालनं, वाचनालय, कॅन्टीन. पायऱ्या अशा चकचकीत की आपलं तोंड दिसावं. मनसारामनं आत डोकावून पाहिलं. गार हवेचा झोत अंगावर आला तसा तो मागं सरला, वहाणा काढून दाराशी ठेवल्या आणि हात जोडून आत गेला. चंदाबाईनंही काढल्या. मी माझे बूट काढले नाहीत. मी शिकलेला माणूस.

गोकुळेला कुणीतरी मुलींच्या खोलीत नेऊन बसवलं. चंदाबाई तिच्यासोबत गेली. राहिलो आम्ही दोघं, आणि चार तास. मग काय करणार, केंद्र पाहायला निघालो.

पहिल्या मजल्यावर चित्रं होती. एक चित्र भिंतभर मोठं. सगळं निळसर-राखाडी आणि मधून तिरपी गेलेली एक बारीक काळी रेघ. खाली चिठ्ठीवर लिहिलेलं, "शीर्षक नाही." मी मनात म्हटलं, यांना नावसुद्धा सुचलं नाही, तर आपल्याला काय कळणार. पुढं निघालो, पण मनसाराम जागचा हलेना.

"चला मनसाराम. यात काही नाही."

"काऊन नाई गुरुजी? हा पयटचा तलाव हाये. धुकं पडलं हाये. आन ही जाळ्याची दोरी. जाळं खाली पान्यात हाये, म्हून दिसून नाई राह्यलं."

मी पुन्हा पाहिलं. मला निळा रंगच दिसला. आमच्या मागं एक दाढीवाला तरुण उभा होता. तो मनसारामच्या तोंडाकडं पाहतच राहिला आणि त्यानं खिशातून वही काढून काहीतरी टिपून घेतलं. त्याला तरी काय कळलं, देव जाणे.

दालनाच्या दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती. मोठमोठ्या लोकांनी त्यात मोठमोठं लिहिलेलं. मनसाराम म्हणाला, आपलाही लिहा. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. "जागा चांगली हाये. गारवा हाये. चित्रं लोकायच्या डोक्याच्या वर टांगले हायेत, ते जरा खाली घ्या, बुटक्यायची मान दुखते. कॅन्टीनचा चहा एका घोटात सरते. बाकी तलावाचं चित्र बराबर हाये." खाली मी त्याचं नाव लिहिलं आणि गावाचं नाव लिहिताना, खोटं कशाला बोलू, अक्षर जरा वळणदार काढलं.

परत खाली आलो तर दाराशी गंमत. मनसाराम आणि चंदाबाईच्या वहाणांच्या शेजारी आणखी नऊ जोड ओळीनं लावलेले. त्यात दोन पॉलिशचे बूट आणि एक उंच टाचेची बाईमाणसाची चप्पल. आतून एक सूटवाला गृहस्थ नुसत्या मोज्यांवर फरशीवरून जपून चालत येत होता. आणि पहारेकरी मलाच म्हणाला, "ओ मास्तर, बूट घालून कुठं? लोकांनी काढलेत ते दिसत नाही?" मी निमूट काढले.

दीड वाजला आणि मनसारामला जागा धरायची घाई सुटली. मी सांगितलं, इथं आपल्याकडच्यासारखं नसतं. त्यानं ऐकलं नाही. नाट्यगृह उघडंच होतं, आत चिटपाखरू नव्हतं. हा तरातरा चालत पुढं गेला, पहिल्या रांगेच्या खुर्च्या आणि रंगमंच यांच्यामध्ये रिकामी जागा बघून खूश झाला, पेटी कुठं ठेवलीय ते पाहिलं आणि बरोबर तिच्यासमोर बोरा अंथरून मांडी घालून बसला.

"गुरुजी, या. भल्ली जागा हाये. लोकं येऊन नाई राह्यले अजून. नागपूरचे लोकं येडे हायेत काय?"

मी कपाळाला हात लावला. पहारेकरी आला. त्यानं उठा म्हटलं. मनसाराम म्हणाला, मी पहिले आलो. पहारेकरी म्हणाला, इथं खाली बसायचं नसतं. मनसाराम म्हणाला, खाली नाई बसलो, बोऱ्यावर बसलो. आवाज ऐकून ऑफिसातल्या बाई आल्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, पहिली रांग परीक्षकांची आहे. तुम्ही दुसऱ्या रांगेत मधली खुर्ची घ्या. ती तुमची." मनसाराम उठला, खुर्चीजवळ गेला आणि बसणार तोच ती मिटून उभी राहिली. तीन वेळा असं झालं. शेवटी त्यानं बोरा घडी करून तिच्यावर टाकला, दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं आणि बसला. मग पुढचा दीड तास तो तिथून हलला नाही. त्याला वाटत होतं, उठलं की खुर्ची दुसऱ्याची होईल.

तीन वाजता परीक्षा सुरू झाली. चौदा मुली होत्या. समोर तीन परीक्षक, हातात कागद. मधले जाड भिंगाच्या चष्म्याचे, पांढऱ्या केसांचे, तेच मुख्य दिसत होते. ऑफिसातल्या बाईंनी नियम सांगितले. प्रत्येकीनं एक गाणं, एकदाच. प्रेक्षकांनी टाळीसुद्धा वाजवायची नाही. शांतता मोडली तर त्या मुलीचं गाणं धरायचं की नाही ते परीक्षक ठरवतील. हे ऐकताना आमच्या शेजारी येऊन बसलेल्या चंदाबाईनं मनसारामकडं पाहिलं. त्यानं मान हलवली आणि तोंडावर हात ठेवला.

एकेक मुलगी येऊन गायली. कुणी रेशमी साडीत, कुणाच्या सोबत त्यांचा तबलेवाला. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. मनसाराम डोळे मिटून ऐकत होता.

नववी गोकुळा. आईची लग्नातली हिरवी साडी नेसलेली. पेटीवर केंद्राचे म्हातारे पेटीवाले होते, तरुणपणी नाटक कंपन्यांतून फिरलेले. त्यांनी सूर धरला आणि गोकुळेनं पद सुरू केलं. शब्द सगळे बरोबर होते, एवढं मी छातीठोक सांगतो. माझे ओठ सवयीनं तिच्या बरोबर हलत होते. मधेच शेजारून मनसारामचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला गेल्याचं मला दिसलं. मला वाटलं, ओरडू नये म्हणून आवरून धरतोय.

पद संपलं. परीक्षकांनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागले. सभागृहात चिडीचूप. गोकुळा तशीच उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहिला. नापास होणार हे आधीच कळलेली पोरं माझ्या वर्गात पेपर देताना अशीच उभी असतात. तिनं नमस्कारासाठी हात जोडले.

"वन्स मोर!"

माझा विश्वास बसेना. मनसाराम उभा होता. खुर्ची मागं खाडकन मिटली. एवढ्या मोठ्या सभागृहात तो आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. मागं लोक हसले, पहारेकरी धावला, चंदाबाईनं पदरात तोंड लपवलं. जाड भिंगाचे परीक्षक मागं वळून म्हणाले, "कोण आहे ते?"

पण त्यांना उत्तर मिळालं नाही, कारण तोवर रंगमंचावर भलतंच होऊन बसलं होतं. आमच्याकडं वन्स मोर आला की गाणारा कुणाला विचारत नाही. मॅनेजरला नाही, मास्तरला नाही. पाय वळलेला असला तरी तो फिरतो आणि पद पहिल्यापासून सुरू होतं. बाराव्या वर्षापासून गोकुळेला हीच सवय. हात जोडलेले तसेच सुटले, मान वर झाली आणि तिनं पद उचललं. पेटीवाल्या म्हाताऱ्याची बोटंही आपसूक पट्ट्यांवर गेली. त्यांनीही जन्मभर तेच केलेलं. पहारेकरी अर्ध्या वाटेत थांबला. गाणं चालू असताना बोलायचं नाही असा त्याला हुकूम होता.

यावेळी मी शब्दांकडं पाहिलं नाही. मी परीक्षकांकडं पाहत होतो. त्यांच्यातल्या कुणीच लिहीत नव्हतं.

गाणं संपलं आणि मग जे व्हायचं ते झालं. ऑफिसातल्या बाई, दुपारी हसणाऱ्या त्याच, आता रागानं लाल झाल्या होत्या. "नियम सांगितला होता. आता परीक्षक काय ठरवतील ते ठरवतील," म्हणाल्या आणि आम्हा चौघांनाही बाहेर घालवलं.

बाहेर येताच गोकुळा मनसारामसमोर उभी राहिली. "तलावाची आन घेतली होती ना मामा?"

मनसारामनं बोरा या काखेतून त्या काखेत घेतला.

"आता मले त्या रेडिओवाल्याच्या घरी पाठवा," ती म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

मीही तोंडसुख घेतलं. सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं. म्हटलं, तुम्हाला कुठं थांबावं कळत नाही, एका पोरीचं आयुष्य तुमच्या हौसेपायी मातीत घातलंत, गावात तोंड दाखवू नका. बोललो ते बोललो. मनसाराम ऐकून घेत होता. मग जाऊन दाराच्या पायऱ्यांवर बसला. चंदाबाईला त्याची दया आली, तिनं चहा नेऊन दिला. त्यानं तो शेजारी ठेवला आणि तो तसाच निवून गेला.

दोन तास आम्ही असे काढले. शेवटच्या मुलीचं गाणं झालं, परीक्षक आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. सहाला बाईंनी फळ्यावर यादी लावली. मुलींची झुंबड उडाली. गोकुळा जागची उठलीच नाही. मग मीच गेलो, चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. एक, दोन, तीन, चार. त्यांत तिचं नाव नव्हतं. पाचवं नाव मी दोनदा वाचलं, कारण शब्द चुकलेला मला चालत नाही. कु. गोकुळा, मुक्काम जांभूळबोडी, तालुक्याच्या नावासकट.

मी ओरडलो. शाळेतल्या पोरांनी मला तसं ओरडताना पाहिलं असतं तर माझा धाक कायमचा गेला असता. चंदाबाई खाली बसली आणि "माय व माय" म्हणत हसत-रडत राहिली. गोकुळा यादीसमोर जाऊन आपल्या नावावर बोट फिरवत होती. मनसाराम पायऱ्यांवरून उठून आला होता, पण दोन हात लांबच उभा होता. जवळ यावं की नाही, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

तेवढ्यात जाड भिंगाचे परीक्षक बाहेर आले. "मघाशी ओरडले ते हेच ना?"

मी पुढं होऊन हात जोडले. "साहेब, खेड्यातला माणूस आहे, माफ करा."

त्यांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. "बाबा, तुमच्या गावच्या मुलीचं पहिलं गाणं पाचांत येत नव्हतं. दुसरं आलं. धरायचं की नाही यावर आमचं अर्धा तास भांडण झालं. शेवटी मी म्हटलं, ऐकलंय ते न ऐकल्यासारखं कसं करायचं? पण मला वेगळंच विचारायचंय. दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. मी कागदावर तेच लिहीत होतो आणि तुम्ही ओरडलात. तुम्हाला ते कळलं होतं ना?"

मनसारामनं मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"कळलं होतं जी."

"म्हणून ओरडलात?"

"मंग का करू जी? घरी जाऊन तेवढंच आठवत बसली असती. मी सोळा वर्साचा असताना गावच्या दंडारीच्या खेळात एकडाव गायले उभा राह्यलो होतो. असाच आवाज फाटला. लोकं हासले. पुन्हा म्हन असं कोनी म्हटलं नाई. उतरलो तो उतरलोच."

परीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटलं आणि निघून गेले.

सव्वीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून धावत गेली. चाचपडणारी पोरं, घाबरलेल्या पोरी, खंजीर खुपसलेला आमचा नायक. विंगेत उभं राहून मी एकेकाला विसरलेला शब्द पुरवत होतो आणि स्वतःला मोठा समजत होतो. समोर बोऱ्यावर बसलेला हा माणूस सुटलेला सूर परत मिळवून देत होता आणि मी त्याच्यावर दातओठ खात होतो. मला माझीच लाज वाटली. दोन तासांपूर्वी त्याला काय काय बोललो ते आठवून आणखी वाटली. "मनसाराम, माझं चुकलं," असं मी म्हणालोसुद्धा. त्यानं ते हातानंच उडवून लावलं.

गोकुळा मात्र जागच्या जागी उभी राहून बोटं मोजत होती.

"मामा, म्हंजे शाळेतलं माह्यं पयलं पद, त्याले तीन डाव वन्स मोर दिला तुमी..."

"तीन डाव घसरली होती. चौथ्या डावाले बराबर चढली."

"आन मी गावभर सांगत फिरली, मामाले माह्यं गानं लय आवडलं म्हून!"

ती चिडली होती की हसत होती, कळत नव्हतं. डोळ्यांतून पाणी तर चाललंच होतं. चंदाबाई म्हणाली, "जाऊ दे व, मामाच्या पाया पड." पण गोकुळेच्या मनात आणखी काही होतं. ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात विचारलं, "मंग औंदाच्या मंडईतल्या माह्या पदाले? सारे वन्स मोर वन्स मोर करून राह्यले होते, आन तुमी डोये मिटून चूप. म्या घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली, मालूम हाये? वाटलं, मामाले माह्यं गानं आवडलं नाई."

मनसारामनं चकित होऊन तिच्याकडं पाहिलं.

"काऊन रडली व बाई?" तो म्हणाला. "तवा तं मी आयकत होतो."